लॅक्टेट ५.२ वरून ३.४ वर आलं, मग डॉक्टर अजून नक्की का बोलत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: "मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे, राहायला डिचोलीला. काल रात्री आतड्याला छिद्र पडून पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालं. सध्या आयसीयूत, व्हेंटिलेटरवर आहेत. दर काही तासांनी मनगटातून रक्त काढून एबीजी करतात. ऑपरेशनआधी लॅक्टेट ५.२ होतं, बारा तासांनी ३.४ आलं. बेस एक्सेस उणे ८ आहे. एक डॉक्टर म्हणतात आकडे सुधारतायत, दुसरे म्हणतात अजून काही सांगता येत नाही. यांतलं खरं कुणाचं? या आकड्यांवरून माणूस वाचेल की नाही ते कळतं का? आणि हीच तपासणी आधी केली असती तर धोका आधीच कळला नसता का?"

दोघांचंही खरं आहे, आणि ते कसं हे तुम्ही दिलेल्या आकड्यांतूनच दाखवता येईल. मी भूलतज्ज्ञ आहे. गोव्यातच मोठ्या शस्त्रक्रियांचे पेशंट टेबलावर आणि नंतर आयसीयूत सांभाळण्यात माझी सगळी नोकरी झाली. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दलचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. हे आकडे आम्ही कसे वाचतो तेवढं सांगते. तुम्ही क्यूसीतल्या आहात, म्हणून हिशेबही मांडते.

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. तिच्या त्या छोट्या चिठ्ठीवर आकडे बरेच छापून येतात, पण ते सगळे मशीनने मोजलेले नसतात. पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब म्हणजे पीसीओटू आणि ऑक्सिजनचा दाब म्हणजे पीओटू हे तीन थेट मोजलेले. हल्लीच्या मशीनमध्ये लॅक्टेट (पेशींनी साखर वापरताना बनणारा पदार्थ), साखर, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हेही मोजले जातात. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शोषणारा क्षार) आणि बेस एक्सेस (रक्तात अल्क गरजेपेक्षा किती जास्त; उणे आला म्हणजे आम्ल वाढलं) मात्र पहिल्या दोन-तीन मोजमापांवरून सूत्राने काढलेले असतात. म्हणजे पीएच किंवा पीसीओटू चुकला की तेही चुकले. निरोगी माणसात पीएच ७.३५ ते ७.४५, पीसीओटू ३५ ते ४५ मिलिमीटर पारा, बेस एक्सेस उणे २ ते अधिक २ आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या खाली असतं.

या तपासणीचा जन्मच एका चुकीच्या वाचनातून झालाय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या सुरुवातीच्या ३१ पेशंटांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटचं प्रमाण भलतंच वाढलेलं दिसायचं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला की रक्त अल्कधर्मी झालंय, कारण काय ते कळत नाही. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं, तेव्हा त्याने तोच आकडा उलटा वाचला: फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो साठतोय, आणि बायकार्बोनेट वाढलंय ते त्यामुळे. त्याने घशाखाली श्वासनलिकेला छिद्र करून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने दिवसरात्र पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून ४० च्या आसपास आलं. पीएच थेट मोजला पाहिजे हे तिथे सगळ्यांना पटलं. पॉल ॲस्ट्रुपने त्याची पद्धत बसवली, सिगार्ड-अँडरसनने बेस एक्सेसची कल्पना मांडली. आजचं मशीन त्यांच्या मागोमाग आलं. आकडा तोच असून अर्थ बदलला, उपचार बदलला आणि माणसं जगली, हे मी नव्या निवासी डॉक्टरांना दरवर्षी सांगते. तुमच्या बाबांचं लॅक्टेटही याच नजरेने पाहायला हवं.

लॅक्टेट वाढलं म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, असं आम्ही कॉलेजात शिकलो. ते अर्धंच खरं आहे. रक्तात दिसणारं लॅक्टेट ही बनण्याची आणि संपण्याची बाकी असते. बनण्याची बाजू पाहा. रक्तदाब पडला आणि आतड्याला, स्नायूंना रक्त कमी मिळालं की ते वाढतं. पण शरीरात ताणाची अॅड्रेनलीन उसळली, किंवा आम्हीच अॅड्रेनलीनचा पंप लावला, तर ऑक्सिजन भरपूर असतानाही स्नायू लॅक्टेट तयार करतात. दम्यासाठीच्या साल्बुटामॉलची वाफ वारंवार दिली तरी तेच. संपण्याची बाजू मुख्यतः यकृताची, त्याखालोखाल मूत्रपिंडाची. यकृत थकलेलं असेल तर लॅक्टेट उतरायला वेळ लागतो, मग रक्ताभिसरण कितीही चांगलं चालो. आमच्याकडे हा मुद्दा फार वेळा आडवा येतो. रोज संध्याकाळी ठरलेली फेणी घेणारा माणूस, त्यात जेवण बेताचं, म्हणजे यकृत अर्धं खलास आणि शरीरात थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही कमी. अशा पेशंटचं लॅक्टेट थायमिनची इंजेक्शनं दिल्यावर उतरू लागलेलं मी पाहिलंय. घरचे लोक दारूबद्दल पहिल्या दिवशी कधीच खरं सांगत नाहीत, तिसऱ्या दिवशी सांगतात. आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड धक्क्यात बसलं, तर ते औषध साठून लॅक्टेट चढवतं.

आता भाकिताकडे. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, पेशंटचं लॅक्टेट आणि मृत्यू यांचा संबंध ब्रोडर आणि वाइल यांनी १९६४ सालीच दाखवला होता. त्यानंतर तो पुन्हा पुन्हा दिसला. कळायला सोपा अभ्यास २००५ चा, अमेरिकेतला. जंतुसंसर्ग घेऊन इमर्जन्सीत आलेल्या १,२७८ पेशंटांपैकी ज्यांचं लॅक्टेट २.५ च्या खाली होतं त्यांच्यात ४.९ टक्के दगावले, २.५ ते ४ च्या दरम्यान ९ टक्के, ४ आणि त्याहून वर २८.४ टक्के. ते काही ऑपरेशनचे पेशंट नव्हते, पण चढण तीच दिसते. याचाच दुसरा अर्थ असा की लॅक्टेट ४ च्या वर असलेल्या दर १०० जणांत ७० हून अधिक वाचले. शंभर माणसांच्या गटाबद्दल हा आकडा बरंच खात्रीने बोलतो. त्या शंभरांतले तुमचे बाबा कोणत्या बाजूला, हे विचारलं की तो गप्प बसतो. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरांनी "सांगता येत नाही" म्हटलं, ते टाळण्यासाठी म्हटलं असं मला वाटत नाही.

एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याचा उतार जास्त बोलतो. नेदरलँड्समध्ये २०१० साली एक चाचणी झाली. लॅक्टेट ३ किंवा जास्त असलेल्या ३४८ आयसीयू पेशंटांपैकी अर्ध्यांमध्ये पहिले आठ तास दर दोन तासांनी लॅक्टेट मोजून ते प्रत्येक वेळी किमान २० टक्के उतरवायचं असं लक्ष्य ठेवलं. त्या गटात मृत्यू ३३.९ टक्के, दुसऱ्या गटात ४३.५ टक्के. थेट तुलनेत हा फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्यापाशी अडला, पण पेशंट किती आजारी होते याचा हिशेब धरल्यावर तो ठळक झाला. गंमत म्हणजे लॅक्टेट दोन्ही गटांत सारखंच उतरलं होतं! फायदा झाला असेल तर आकडा उतरल्यामुळे झाला, की दर दोन तासांनी कुणीतरी पेशंटजवळ जाऊन "हे का उतरत नाही" असं विचारलं म्हणून झाला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

तुमच्या बाबांचा उतार काढू. ५.२ वरून ३.४ म्हणजे बारा तासांत सुमारे ३५ टक्के. दर दोन तासांना २० टक्के या हिशेबाने आठ तासांतच ते २.१ च्या आसपास यायला हवं होतं. म्हणजे दिशा योग्य, वेग मंद. पहिल्या डॉक्टरांनी दिशा पाहिली, दुसऱ्यांनी वेग पाहिला. मंद वेगाचं कारण साधं असू शकतं: यकृत हळू, अॅड्रेनलीन चालू, मेटफॉर्मिन. कारण गंभीरही असू शकतं: पोटात पू राहिलाय, शिवलेला टाका सुटलाय, किंवा आतड्याच्या एखाद्या तुकड्याला रक्त मिळत नाहीय. सर्जन पुन्हा पुन्हा पोटाला हात लावून पाहतात ते यासाठी. लॅक्टेट ३ च्या आसपास अडकून राहिलं, किंवा उतरता उतरता परत चढलं, तर मी स्वतः सर्जनला फोन करते, मध्यरात्र असली तरी. चढण्याचा अर्थ उतरण्याच्या अर्थापेक्षा पक्का असतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत शूमेकर या सर्जनने १९८० च्या दशकात मोठ्या शस्त्रक्रियांचे पेशंट पाहताना टिपलं की जे वाचतात त्यांचं हृदय जास्त रक्त फेकतं आणि शरीराला ऑक्सिजन जास्त पोचतो. मग विचार आला की सगळ्यांनाच औषधांनी त्या पातळीवर नेऊ. १९९३ साली लंडनमध्ये बॉइड आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं, पण ऑपरेशनच्या वेळी, पेशंट कोसळण्याआधी. मृत्यू २२.२ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आला. सगळीकडे उत्साह. पुढच्याच वर्षी हेज यांच्या गटाने आधीच गंभीर झालेल्या आयसीयू पेशंटांमध्ये डोब्युटामीन या हृदयाला जोर देणाऱ्या औषधाच्या बळावर तेच आकडे गाठायचा प्रयत्न केला, तर मृत्यू ३४ ऐवजी ५४ टक्के झाले. थकलेल्या हृदयाला चाबूक मारून आकडा गाठला, आणि माणूस गेला. भाकीत सांगणारा आकडा हा आपोआप उपचाराचं लक्ष्य होत नाही, हे तेव्हापासून आमच्या पेशात पक्कं बसलं. लॅक्टेट उतरत नाही म्हणून सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावणारे डॉक्टर मात्र अजून भेटतात. पाणी फुप्फुसांत आणि आतड्याच्या भिंतीत साठतं, टाक्यांवर ताण येतो, लॅक्टेट तसंच राहतं.

उलट २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण कोसळलेल्या, पेशंटांवर एक साधी गोष्ट करून पाहिली. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडायचं आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरण कमी पडतंय. एका गटाचे उपचार या बोटावरून, दुसऱ्याचे लॅक्टेटवरून. मृत्यू ३४.९ विरुद्ध ४३.४ टक्के. फरक संख्याशास्त्राने पूर्ण सिद्ध झाला नाही, पण लाखांच्या मशीनपुढे बोट मागे पडलं नाही एवढं नक्की. भेटीच्या वेळी बाबांच्या हाताला हात लावून बघा. हात गरम असतील, नखांचा रंग पटकन परत येत असेल, लघवीच्या पिशवीत भर पडत असेल, तर ३.४ च्या लॅक्टेटची मला कमी काळजी वाटेल.

आता उणे ८ चा बेस एक्सेस. पोटाच्या ऑपरेशननंतर सर्वांत जास्त गैरसमज याच आकड्याभोवती होतात. अपघाताच्या पेशंटांसाठी १९८८ सालापासून एक वर्गवारी वापरात आहे: उणे ५ पर्यंत सौम्य, उणे ६ ते उणे १४ मध्यम, उणे १५ च्या पलीकडे गंभीर. आकडा जितका खाली तितकं रक्त आणि सलाइन जास्त लागतं, मृत्यूही जास्त. त्या मापाने बाबा मध्यम गटात येतात. पण ती वर्गवारी रक्तस्राव झालेल्या, ताज्या आलेल्या पेशंटांची आहे. ऑपरेशन होऊन गेलेल्या माणसाला ती जशीच्या तशी लावता येत नाही, आणि त्याचं कारण सलाइनच्या बाटलीत आहे. नॉर्मल सलाइनच्या एका लिटरात १५४ मिलिमोल क्लोराइड असतं, रक्तात ते १०० च्या आसपास. दोन-तीन लिटर सलाइन गेलं की क्लोराइड चढतं, बायकार्बोनेट उतरतं, बेस एक्सेस उणे होतं. रक्ताभिसरण उत्तम असलं तरी! त्यामुळेच हल्ली आम्ही रिंगर्स लॅक्टेटसारखं द्रव जास्त वापरतो, त्यात क्लोराइड १०९ असतं. (त्याच्या नावातल्या लॅक्टेटने पेशंटचं लॅक्टेट फारसं वाढत नाही, यकृत चालू असेल तर ते वापरून टाकतं.)

तेव्हा ढोबळ वजाबाकी करा. लॅक्टेट ३.४ आहे, नेहमीचं साधारण १ धरलं तर उणे ८ मधले अडीच त्याच्या खात्यावर. उरलेले पाच-साडेपाच कुणाचे? त्याच चिठ्ठीवर क्लोराइड पाहा. ते ११० च्या वर असेल तर बराचसा हिशेब तिथेच मिटतो आणि मला हायसं वाटतं. क्लोराइड नेहमीसारखं असेल तर उरलेलं आम्ल दुसरं कुठलं तरी आहे: मूत्रपिंड नीट चालत नाही, किंवा मधुमेहाचं किटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की बनणारं आम्ल. अशा वेळी बेस एक्सेसचं भाकीत खरं मानून शोध घ्यावा लागतो. शेवटी या किटोनकडे परत येते.

बाबांच्या मानेत किंवा कॉलरबोनखाली मोठी नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, असेल तर तिथूनही नमुना घेता येतो. धमनीतलं रक्त फुप्फुसांचं काम दाखवतं. हृदयाकडे परतणारं रक्त सांगतं की शरीराने वाटेत किती ऑक्सिजन काढून घेतला. हे परतीचं ऑक्सिजन साधारण ७० टक्के असतं. २००५ साली लंडनच्या पिअर्स यांच्या गटाने मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पाहिलं की ते ६४.४ टक्क्यांखाली गेलेल्यांना गुंतागुंत जास्त झाली. दुसऱ्या एका युरोपीय अभ्यासात हीच सीमा ७३ निघाली. एवढा फरक पडतो, कारण भूल चढलेली असताना, कुडकुडताना, व्हेंटिलेटर काढताना शरीराची ऑक्सिजनची मागणी वेगवेगळी असते. शिवाय सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनल्यावर, ते ८५ टक्केही दिसतं आणि पेशंट तरीही खराब असतो, कारण पेशींना ऑक्सिजन उचलताच येत नाही.

म्हणून मी त्याच्या जोडीला दोन नमुन्यांमधल्या कार्बन डायऑक्साइडचा फरक पाहते. गल्लीतली कचऱ्याची गाडी रोजऐवजी दोन दिवसांनी येऊ लागली, तर घरांतून निघणारा कचरा तेवढाच असूनही ढीग वाढतो. तसंच रक्त हळू वाहू लागलं की परतीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. फरक ६ मिलिमीटरच्या वर गेला तर हृदयातून निघणारं रक्त पेशंटच्या गरजेला पुरत नाही, असं समजायचं. ऑक्सिजन चांगला दिसतोय पण हा फरक मोठा आहे, असे पेशंट मोठ्या पोटाच्या ऑपरेशननंतर फसवतात. २०१५ साली एका फ्रेंच अभ्यासात आयसीयूत आल्याआल्या हा फरक ५.८ च्या वर असलेल्यांना पुढे गुंतागुंत जास्त झाली. सेंट्रल लाइन असेल तर या तपासणीला वेगळा खर्च फारसा नाही, तरी ती होते कमीच.

फुप्फुसांबद्दल थोडक्यात. पीओटू ८० आला असं सांगून काहीच कळत नाही, तो किती ऑक्सिजनवर आला ते हवं. व्हेंटिलेटरवर ४० टक्के ऑक्सिजन असेल तर ८० भागिले ०.४ म्हणजे २००. हे गुणोत्तर ३०० च्या खाली गेलं की फुप्फुसं सुजल्याची शंका, १०० च्या खाली म्हणजे गंभीर. ६८ वर्षांच्या माणसाचा पीओटू साध्या हवेतही ८० च्या थोडा खालीच असतो, त्याने घाबरू नका. इथेही एका आकड्यापेक्षा रोजचा क्रम पाहतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुणोत्तर घसरत असेल तर न्यूमोनिया, पोटातला पू किंवा जास्त झालेलं पाणी, यांतलं एक काहीतरी शोधावंच लागतं.

तुम्ही क्यूसीत आहात म्हणून नमुन्याबद्दलही सांगते, कारण निम्मे विचित्र एबीजी रिपोर्ट सिरिंजमध्येच तयार होतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पीओटू खोटा होतो. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं पातळ हेपरिन जास्त झालं तर रक्त पाणावतं, पीसीओटू, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम खाली दिसतात. आणि नमुना तसाच पडून राहिला तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, लॅक्टेट वाढतं, पीएच पडतो. एप्रिल-मेच्या गोव्याच्या उकाड्यात हे फार भरभर होतं. मशीन आयसीयूतच असेल तर प्रश्न नाही. लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला रांग असेल तर बर्फात ठेवून पाठवावं लागतं. बाकी पेशंट छान दिसतोय आणि लॅक्टेट अचानक दुप्पट झालं, तर आधी दुसरा नमुना, मग घाबरणं.

"आधी केलं असतं तर कळलं नसतं का," याचं उत्तर बहुतेक नाही. आठवड्याभरापूर्वी बाबांची एबीजी केली असती तर ती साफ आली असती. छिद्र पडणार हे रक्तातल्या वायूंना आधी ठाऊक नसतं. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतही सरसकट एबीजी करायची पद्धत आता राहिली नाही. पूर्वी पीसीओटू ४५ च्या वर असला की फुप्फुसाचं ऑपरेशनच नको म्हणत, आज तेवढ्यावरून नाकारत नाहीत. स्पेनमध्ये २०१० साली बनवलेला अॅरिस्कॅट नावाचा गुणांक ऑपरेशननंतर श्वासाचा त्रास होईल का ते सात गोष्टींवरून सांगतो: वय, बोटावरचा ऑक्सिजन, गेल्या महिन्यातला श्वसनसंसर्ग, रक्त कमी असणं, चिरा कुठे, ऑपरेशन किती तास, आणि तातडीचं की ठरवून. त्यात एबीजी नाहीच, बोटाला लावायचा चिमटा पुरतो. झोपेत घोरणाऱ्या, वजनदार माणसाचं साध्या रक्तातलं बायकार्बोनेट २८ च्या वर असेल तर मी आधी एबीजी सांगते, कारण तो रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठवत असण्याची शक्यता असते.

तातडीच्या ऑपरेशनचं वेगळं. तिथे पेशंट दारात आल्याबरोबर केलेलं पहिलं लॅक्टेट खरंच उपयोगी आहे, कारण त्यावरून काही ठरवता येतं: किती घाईने पोट उघडायचं, वरिष्ठ सर्जन हवा का, आयसीयूची खाट आधीच धरून ठेवायची का. ब्रिटनमध्ये २००६ साली लाखो शस्त्रक्रियांचा हिशेब पाहिला तेव्हा दिसलं की जास्त धोक्याच्या गटात साडेबारा टक्केच ऑपरेशनं होती, पण ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू त्याच गटात. त्या गटातल्या पेशंटांपैकी आयसीयूत जाणारे मात्र १५ टक्केही नव्हते. आपल्याकडे यात अंतराची भर पडते. काणकोण, सांगे, सत्तरी किंवा पलीकडे दोडामार्गहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलपर्यंत येताना, त्याआधी "गॅस झालाय" म्हणून घरी काढलेल्या दिवसात, लॅक्टेट आपलं चढत असतं. पोटात सुरी मारल्यासारखी कळ आणि पोट लाकडासारखं कडक झालं, तर फार्मसीतली गोळी आणायला न जाता १०८ ला फोन करायचा. गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीला छिद्र पडलेले पेशंट तर आमच्याकडे नेहमीचेच.

आता तुम्ही आज काय करायचं. भेटीच्या वेळी "वाचतील का" असं विचारलंत तर डॉक्टर काहीतरी मोघम बोलतील, मीही बोलले असते. त्याऐवजी विचारा: शेवटच्या तीन एबीजींत लॅक्टेट कसं चाललंय? रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा पंप काल होता त्यापेक्षा कमी झाला की वाढला? क्लोराइड किती आहे? लघवी तासाला किती होतेय? पंप कमी होतोय आणि लॅक्टेट हळू का होईना उतरतंय, तर ती चांगली बातमी. पंप वाढवून लॅक्टेट उतरवलं असेल तर तेवढी चांगली नाही. पुढच्या २४ तासांत ते २ च्या खाली आलं तर पहिले डॉक्टर म्हणाले ते जास्त खरं ठरेल. ३ च्या वर अडकलं तर पोटाचा स्कॅन किंवा पुन्हा पोट उघडण्याबद्दल बोलणं निघेल. ते निघालं म्हणून सर्जनने पहिल्यांदा काही चुकीचं केलं असं धरून बसू नका.

आणि एक काम, डॉक्टरांची वाट पाहण्यात वेळ न घालवता, लगेच करा. घरी जाऊन, किंवा आईला फोन करून, बाबांच्या मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागवा. मेटफॉर्मिन आहे का पाहा. त्याहून महत्त्वाचं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन यांतलं काही आहे का पाहा. हल्ली ही औषधं खूप लिहिली जातात, बहुतेक वेळा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत, त्यामुळे नाव लक्षात येत नाही. ठरवलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करतात. तातडीच्या ऑपरेशनला ती संधी मिळत नाही. मग उपास, आजार आणि औषध मिळून रक्तात किटोन वाढतं, आणि साखर मात्र १८०-२०० अशी निरुपद्रवी दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही. उणे ८ मधला तो न मिटलेला पाचाचा हिशेब इथे मिटू शकतो. रक्तातलं किटोन बोटाच्या थेंबावर मोजता येतं, आणि उपचार म्हणजे ग्लुकोज आणि इन्सुलिन एकत्र. यांतलं एखादं नाव पट्टीवर सापडलं, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता आयसीयूतल्या ड्युटी डॉक्टरला फोटो दाखवा आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगा. रोजच्या फेणीचं काही असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाका.